ट्राम धावण्याआधी एडिंबरोचे लोक का संतापले होते?

पद्माळा (धागाकर्ता)

केंद्र शासनाच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला विजेवरच्या १०० बसगाड्या मंजूर झाल्या, तेव्हापासून आपल्याकडे त्यांच्याविषयी बोलणे सुरू झाले आहे. 'आधी आहे ती केएमटी (महापालिकेची बससेवा) नीट चालवा', 'महाद्वार रोडच्या आसपास एवढी गाडी वळणार कुठून', 'विजेचे बिल शेवटी आपल्याच घरफाळ्यातून जाणार', अशी वाक्ये बिंदू चौकापासून राजारामपुरीपर्यंत सर्वत्र कानावर पडतात. यांतील एकही वाक्य उडवून लावण्यासारखे नाही. मात्र नवे सार्वजनिक वाहन सुरू होण्यापूर्वी लोक जे बोलतात त्याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

शिक्षण आणि नंतर नोकरी या निमित्ताने मी काही वर्षे स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोमध्ये राहत होतो. त्या शहरातील जुन्या ट्राम नोव्हेंबर १९५६ मध्ये बंद झाल्या होत्या. नवी ट्राम ३१ मे २०१४ रोजी धावली. बांधकाम सुरू झाले २००८ मध्ये, आणि मूळ वेळापत्रकाप्रमाणे २०११ मध्ये विमानतळापासून शहराच्या मध्यातून थेट न्यूहेवन बंदरापर्यंत गाडी जायला हवी होती. प्रत्यक्षात ती तीन वर्षे उशिरा आली आणि शहराच्या मध्यात यॉर्क प्लेस येथेच थांबली. मंजूर निधी ५४ कोटी ५० लाख पौंड होता, त्यांपैकी ५० कोटी पौंड स्कॉटिश शासनाचे होते. खर्च झाला ७७ कोटी ६० लाख पौंड, आणि तोही केवळ १४ किलोमीटरच्या मार्गावर.

या आकड्यांवरून लोकांचा राग समजतो, पण पूर्ण समजत नाही. मी पाहिलेला राग कोटींच्या हिशेबातून आलेला नव्हता. प्रिन्सेस स्ट्रीट हा तेथील मुख्य रस्ता. एका बाजूला दुकाने आणि दुसऱ्या बाजूला बाग व त्यामागे किल्ला. २००९ मध्ये तो रस्ता बहुतेक वर्षभर वाहनांसाठी बंद होता आणि बसगाड्या शेजारच्या रस्त्यांवरून फिरवल्या जात होत्या. नोव्हेंबरात रस्ता उघडला, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग रुळांलगतचा पृष्ठभाग तडकू लागल्याने २०११ मध्ये तोच रस्ता पुन्हा खोदावा लागला. ज्या दिवशी दुसऱ्यांदा कठडे लागले त्या दिवसापासून एडिंबरोत ट्रामची बाजू घेऊन बोलणारा माणूस सापडणे कठीण झाले.

लीथ भागातील लोकांवर तर याहून मोठा अन्याय झाला. न्यूहेवनकडे जाणारा मार्ग लीथ वॉक या रस्त्यावरून जाणार होता, म्हणून तेथील जलवाहिन्या, गॅसच्या नळ्या आणि केबल हलवण्यासाठी रस्ता आधीच खोदण्यात आला. दुकानांसमोर लाल-पांढरे कठडे उभे राहिले, गिऱ्हाइकांना फळकुटांवरून चालत दुकानात शिरावे लागले, आणि एवढे सोसून झाल्यावर महापालिकेने मार्गच आखूड केला. ज्यांनी सर्वाधिक धूळ खाल्ली त्यांच्या दारात ट्राम आलीच नाही. ती आली ७ जून २०२३ रोजी, न्यूहेवनपर्यंतचा वाढीव मार्ग सुरू झाला तेव्हा.

माझे म्हणणे असे आहे: ट्राम सुरू होण्यापूर्वीचा तो राग ट्रामवर नव्हताच, कारण ट्राम कोणी पाहिलीच नव्हती. तो खोदकामावर होता, बदलत्या तारखांवर होता आणि खरी स्थिती लोकांपासून दडवली गेली यावर होता. प्रशासनाने मात्र तो 'बदलाला विरोध' म्हणून बाजूला सारला. आपल्याकडेही हेच घडेल, म्हणून आतापासून यावर नीट बोलावे असे वाटते.

शाहूपुरी तिसरी गल्ली

धागा मनाला भिडला, कारण मी दुकानदार आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या दारातून ड्रेनेजची लाइन टाकण्यासाठी चर खोदला गेला आणि पंधरा दिवसांत बुजवू असे सांगून गेलेला मुकादम पावसाळा संपेपर्यंत परत दिसला नाही. चराच्या कडेला मातीचा ढीग, त्यावरून वाहून आलेला चिखल थेट उंबऱ्यापर्यंत, आणि माल घेऊन आलेला टेम्पो कोपऱ्यावर थांबवून हमालांकडून पोती वाहून आणायची, असा तो काळ होता. गिऱ्हाईक आपले म्हणून दोन वेळा येते, तिसऱ्या वेळी ते गांधीनगरच्या बाजारपेठेत जाते आणि तिकडेच रुळते. रस्ता झाला तरी ते परत येत नाही, ही गोष्ट कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

मला एवढेच विचारायचे आहे की एडिंबरोतील दुकानदारांना काही भरपाई मिळाली का. तेथेही आमच्यासारखेच निवेदन देऊन गप्प बसावे लागले असेल, तर मग परदेशाचे उदाहरण घेऊन उपयोग काय?

पद्माळा

आपला प्रश्न रास्त आहे. पहिल्या टप्प्यात मिळालेली मदत तोकडी होती, अशी तेथील दुकानदारांची कायम तक्रार राहिली आणि ती मला खरी वाटते. परंतु दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१९ मध्ये न्यूहेवनच्या मार्गाचे काम सुरू झाले तेव्हा, महापालिकेने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे रस्त्याचा एक भाग एकदाच उघडायचा, त्यातील वाहिन्या, रूळ, फरसबंदी सगळे पुरे करायचे आणि मगच पुढे सरकायचे. तोच रस्ता दोनदा खोदायचा नाही. दुसरी म्हणजे व्यावसायिकांसाठी मदतीची स्वतंत्र योजना आखली गेली आणि रस्ता बंद असताना दुकानापर्यंत माल पोचवण्याची व्यवस्था प्रकल्पानेच केली. आपल्या टेम्पोचा प्रश्न तेथे कंत्राटातच धरला गेला होता. हा टप्पा सुमारे ४.७ किलोमीटरचा आणि २० कोटी ७० लाख पौंडांचा होता. मध्ये करोनाची साथ येऊनही तो पहिल्या टप्प्यासारखा फसला नाही.

ही सुधारणा आपोआप झाली नाही. लीथच्या लोकांनी पहिल्या वेळी आरडाओरडा केला, म्हणून ती झाली.

जलवाहिनी

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी नोकरी गेली, त्यामुळे जमिनीखालच्या बाजूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा चर्चांत त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

बसचा मार्ग बदलायला एक फलक पुरतो. ट्रामचे तसे नाही. रूळ काँक्रीटच्या पट्ट्यात कायमचे बसवलेले असतात. त्या पट्ट्याखाली पाण्याची वाहिनी फुटली, तर ती दुरुस्त करण्यासाठी सगळी सेवा बंद करून काँक्रीट फोडावे लागेल. म्हणून रूळ टाकण्यापूर्वी त्या पट्ट्यातील प्रत्येक नळी, गटार आणि केबल बाजूला सरकवावी लागते. आणखी एक कारण आहे. एडिंबरोची ट्राम ७५० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. वरच्या तारेतून येणारा प्रवाह रुळांतून परत जातो आणि रुळांचे विद्युतरोधन कमी पडले तर त्यातील काही भाग जमिनीत झिरपतो. जवळ लोखंडी वाहिनी असेल तर तो प्रवाह तिच्यातून वाट काढतो, आणि जेथून तो बाहेर पडतो तेथे लोखंड गंजून झिजते. असे भोक वरून दिसत नाही, थेट गळतीच कळते.

आता कोल्हापूरचा विचार करा. आपल्या पेठांच्या खाली काय काय आहे याचा एकसंध नकाशा पाहिल्याचे मला आठवत नाही. कळंबा तलावातून 'पाण्याचा खजिना' या जुन्या साठवण टाकीकडे येणारी संस्थानकाळातील व्यवस्था, त्यानंतर टप्प्याटप्प्याने टाकलेल्या बिडाच्या वाहिन्या, वर ड्रेनेज, वर टेलिफोन, वर इंटरनेटच्या केबल. आमच्या वेळी व्हॉल्व्ह नेमका कोठे आहे हे कागदापेक्षा जुन्या फिटरला अधिक ठाऊक असे, आणि तो निवृत्त झाला की माहितीही त्याच्याबरोबर घरी जाई. एडिंबरोसारख्या नोंदी ठेवणाऱ्या शहरातही खोदल्यावर जे निघाले ते नकाशावर नव्हते, यावरून आपण काय ते समजावे.

पद्माळा

जलवाहिनी, आपल्या प्रतिसादाला एक जोड देतो. लीथमध्ये कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर वाहिन्या हलवताना जुन्या चर्चच्या दफनभूमीचा भाग रस्त्याखाली निघाला आणि मध्ययुगातील शेकडो सांगाडे पुरातत्त्वज्ञांना काळजीपूर्वक बाहेर काढावे लागले. पुढच्या काळात रस्ता दफनभूमीवरून गेला, हे शहर विसरून गेले होते.

गंगावेस

मला या धाग्यातील सूर पटलेला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

धागाकर्ते म्हणतात की राग ट्रामवर नव्हता, खोदकामावर होता. मला हे अर्धसत्य वाटते. एडिंबरोत महापालिकेच्या मालकीची बससेवा आहे आणि ती ब्रिटनमधील उत्तम सेवांपैकी गणली जाते, हे त्यांनीही नाकारू नये. असे असताना 'आम्हाला ट्राम हवी कशाला' हा प्रश्न तेथील लोकांनी पहिल्या दिवसापासून विचारला होता आणि तो चिखलातून आलेला नव्हता. २००७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सत्तेवर आलेल्या पक्षालाच हा प्रकल्प नको होता. संसदेत बहुमत नसल्यामुळे त्यांना तो पुढे न्यावा लागला. म्हणजे विरोध मुळावर होता. १४ किलोमीटरसाठी ७७ कोटी पौंड खर्च करून झाल्यावर, तो विरोध चुकीचा होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कोल्हापूरला हे सांगायची गरज नाही. आपल्या रस्ते प्रकल्पाचे काय झाले? सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, आणि त्याच्या बदल्यात शहराच्या वेशीवर तीस वर्षे टोल. तेव्हाही 'रस्ते हवेत तर पैसे मोजा, विकासाला विरोध करू नका' असेच ऐकवले जात होते. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, हजारो सामान्य लोक त्यांच्यामागे चालले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. सुरुवातीलाच जे 'नको' म्हणत होते ते बरोबर ठरले. म्हणून माझे मत असे की लोकांच्या रागाचा 'अर्थ लावत' बसू नये. लोक नाही म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ नाही असाच असतो.

मिरजकर तिकटी

गंगावेस, टोलच्या मोर्चांत मीही होते, त्यामुळे आपल्या भावना मला परक्या नाहीत. तरीही एक गोष्ट आपल्या लिखाणात राहून गेली आहे असे मला वाटते.

नवे वाहन येण्याआधी ज्यांचे नुकसान होणार असते ते समोर असतात. दुकानदार आहेत, रिक्षाचालक आहेत, ज्यांची पार्किंगची जागा जाणार ते आहेत. त्यांना नाव आहे, संघटना आहे, निवेदन देता येते, आणि ते त्यांनी द्यायलाच हवे. पण ज्यांचा फायदा होणार असतो ते तेव्हा कोठे असतात? ती मुलगी अजून नववीत असते, जी दोन वर्षांनी कागलजवळच्या खेड्यातून शहरातल्या कॉलेजला येणार असते. तो म्हातारा अजून चालता असतो, ज्याला पुढे सीपीआर रुग्णालयात दर आठवड्याला तपासणीला जावे लागणार असते. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारी बाई सकाळी बसची वाट पाहत उभी असते आणि जाहीर सभेला यायला तिच्याजवळ वेळ नसतो. वाहन सुरू होण्याआधी घेतलेले प्रत्येक मत हे या लोकांना वगळून घेतलेले असते. यात कोणाचा डाव नाही, तरीही ते अपुरेच आहे.

माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. केएमटीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्या दोन्ही हातांनी दांडा धरतात, मग मी मागून आधार देते, आणि तेवढ्यात वाहक 'चला, चला' म्हणतो. तो वाईट नाही, मागच्या थांब्यावरच त्याला उशीर झालेला असतो. फलाटाच्या पातळीवरून सरळ पाऊल टाकता येते असे वाहन त्यांनी कधी पाहिलेच नाही. 'तुम्हाला असे वाहन हवे आहे का', असे त्यांना विचारले तर त्या 'कशाला उगाच खर्च' असेच म्हणतील. पाहिले नाही ते मागायचे कसे?

चाकोरी

तिकटीताई, तुमचा प्रतिसाद आवडला. माझा प्रश्न मात्र दुचाकीचा आहे. कोल्हापुरात घरटी एक तरी दुचाकी आहे आणि पावसाळ्यात रस्ते महिनोन्महिने ओले असतात. रस्त्यात रूळ असतील तर चाक अडकणार नाही का? एडिंबरोत याविषयी आधी कोणी बोलले होते का?

पद्माळा

बोलले होते, आणि त्यांचे बोलणे पुरेसे ऐकले गेले नाही. रस्त्याच्या पातळीत बसवलेल्या रुळाला आतल्या बाजूने एक खाच असते, ज्यातून गाडीच्या चाकाची कड जाते. सायकलचे अरुंद चाक त्या खाचेत सहज बसते. स्कूटरचे चाक रुंद असल्याने ते आत बसत नाही, पण ओल्या पोलादावरून तिरके गेले तर निसटते. रूळ काटकोनात ओलांडला तर धोका फारच कमी. समांतर जाताना तिरपे वळण घेतले तर तो वाढतो. एडिंबरोत हेमार्केट स्थानकासमोर रस्ता आणि रूळ यांचा कोन असाच अवघड होता. सायकलस्वारांच्या संघटनांनी ट्राम सुरू होण्यापूर्वीच धोक्याची सूचना दिली होती, आणि त्यानंतर अपघात होत राहिले. २०१७ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाजवळ एका तरुण सायकलस्वार मुलीचा मृत्यू झाला. आधी दिलेला इशारा गांभीर्याने घेतला असता तर ओलांडण्याचा कोन सुधारण्याची कामे पहिल्या दिवसापासून करता आली असती. मृत्यू झाल्यानंतर केलेल्या सुधारणेचे समाधान मानता येत नाही.

आता गंगावेस यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्याला उत्तर देणे मी टाळू इच्छित नाही.

विरोध मुळावरही होता, हे मान्य आहे, आणि चांगली बससेवा असताना ट्राम कशाला हा प्रश्न पूर्णपणे योग्य होता. परंतु त्या विरोधात दोन वेगळी भाकिते मिसळलेली होती. पहिले असे की हा प्रकल्प ठरलेल्या पैशांत आणि ठरलेल्या वेळेत होणार नाही. दुसरे असे की झाला तरी त्यात कोणी बसणार नाही. पहिले शब्दशः खरे ठरले. महापालिकेने प्रकल्प राबवण्यासाठी स्थापन केलेली टीआयई ही कंपनी कंत्राटदारांशी भांडत राहिली आणि २०११ मध्ये ती गुंडाळावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेने मार्ग हेमार्केटलाच तोडायचे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात तो ठराव फिरवला. या प्रकल्पाच्या लॉर्ड हार्डी यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि त्यात टीआयई, महापालिका आणि स्कॉटिश मंत्री या तिघांवरही ठपका ठेवण्यात आला. लोकांचा संशय खरा होता, याची ती अधिकृत कबुलीच आहे; ती यायला नऊ वर्षे लागली, हे मात्र अक्षम्य आहे.

दुसरे भाकीत खोटे ठरले. ३१ मे २०१४ च्या पहाटे पाच वाजता सुटलेल्या पहिल्या गाडीसाठी लोक रांग लावून उभे होते. पहिल्या वर्षी सुमारे ४९ लाख प्रवासी बसले, आणि हा आकडा अंदाजापेक्षा अधिक होता. शहरातील तिकीट बसइतकेच, दीड पौंड ठेवले होते आणि बस व ट्राम एकमेकांच्या स्पर्धक न होता एकाच छत्राखाली चालवल्या गेल्या, याचा त्यात मोठा वाटा आहे.

तेव्हा 'नाही' या शब्दाचा अर्थ नाही असाच असतो, हे टोलच्या बाबतीत खरे होते, कारण तेथे लोकांना नेमके काय नको ते ठाऊक होते: टोल. कोल्हापूरने रस्त्यांना कधीच विरोध केला नव्हता. काम अपुरे असताना वसुली, आणि तीही तीस वर्षे, याला विरोध होता. पानसरे आणि एन. डी. सर यांनी हा फरक सतत स्पष्ट ठेवला, म्हणून ते आंदोलन टिकले. तोच फरक आपण बसगाड्यांबाबत ठेवावा, एवढेच मी म्हणतो आहे.

बोरीबंदर

मूळ कोल्हापूरचा, आता मुंबईत असतो. थोडी जुनी माहिती देतो. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची १९०७ मध्ये. सुरुवातीला कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते. प्रतिसाद वाढल्यावर ते दोन आण्यांवर आणले गेले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. पुढे रूळ डांबराखाली गेले आणि फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी त्यांचा काही भाग पुन्हा उघडा पडला. नाशिकलाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थानक ते गाव अशी घोड्यांची ट्राम होती. महाराष्ट्राला हे वाहन नवे नाही.

गंगावेस

धागाकर्त्यांनी दोन भाकितांचा केलेला भेद मला मान्य आहे. पण मग मला सांगा, लोकांनी आधी पाठिंबा दिला आणि नंतर सगळे सुरळीत झाले, असे एक तरी शहर आहे का? की सर्वत्र आधी शिव्या आणि नंतर ओव्या, असाच क्रम असतो?

पद्माळा

फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे उदाहरण जवळ येते. तेथे १९८९ च्या महापालिका निवडणुकीतच हा वाद मतदारांपुढे गेला. एका बाजूला भुयारातून जाणारी स्वयंचलित मेट्रो होती, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरची ट्राम. दुकानदारांचा कल मेट्रोकडे होता, कारण ती जमिनीखालून जाईल आणि मोटारी दारापर्यंत येत राहतील. कातरीन त्रोतमान ट्रामच्या बाजूने उभ्या राहिल्या, महापौर झाल्या आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ट्राम सुरू झाली. तेथेही कामाच्या काळात दुकानदार नाराजच होते. परंतु शहराने काय निवडले आणि का निवडले हे लोकांसमोर उघड होते, आणि मध्यवर्ती चौकातून मोटारी हटवून तो पादचाऱ्यांना दिला जाणार हेही आधीच सांगितले होते. २०१७ पासून ती ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतील केल शहरापर्यंत जाते.

उलट सिडनीत जॉर्ज स्ट्रीटवरची ट्राम डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा खर्च १६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ३०० कोटींच्या आसपास गेला होता. जमिनीखालच्या विजेच्या वाहिन्यांवरून कंत्राटदार आणि शासन यांच्यात दावा चालला, आणि धंदा बुडालेल्या दुकानदारांनी एकत्र येऊन न्यायालयात धाव घेतली. जलवाहिनी यांनी जे लिहिले तेच तेथे घडले.

शाहूपुरी तिसरी गल्ली

म्हणजे आमची भरपाई आधी लिहून घ्यावी लागेल, हे तरी नक्की झाले. रिक्षा संघटनेतील मित्रांचेही असेच म्हणणे आहे. त्यांना बस नको आहे असे नाही. स्थानक आणि वसाहतींपासून बसथांब्यापर्यंत प्रवासी आणून सोडण्याचे काम रिक्षांना मिळावे आणि ते आराखड्यात नोंदले जावे, एवढे त्यांना हवे आहे.

माझी आणखी एक शंका आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत व्हीनस कॉर्नरपासून आमच्या भागापर्यंत पाणी होते. विजेवरच्या गाड्या आणि त्यांचे चार्जिंग यांचे तेव्हा काय करायचे? याविषयी कोणीच बोलत नाही.

जलवाहिनी

ही शंका अतिशय योग्य आहे. चार्जिंगची यंत्रे आणि रोहित्रे कोणत्या उंचीवर बसवली आहेत हे पाहावे लागेल. पूररेषेच्या वर चौथरा नसेल तर ऐन गरजेच्या वेळी सेवा बंद पडेल. महापुरात लोकांना हलवण्यासाठी बसच लागते. आगाराच्या जागी २०१९ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते याची खूण भिंतीवर शोधा, त्या भागातले लोक बोट ठेवून दाखवतील.

चाकोरी

मला एक सुचवायचे आहे. अहमदाबादेत २००९ मध्ये जनमार्ग ही बससेवा रीतसर सुरू होण्यापूर्वी लोकांना काही काळ विनामूल्य बसवून पाहिले होते. तिकटीताईंच्या सासूबाईंसारख्या लोकांचे मत गाडीत बसल्याखेरीज कळणारच नसेल, तर आपल्याकडेही तसे का होऊ नये? एक मार्ग घ्या, रेल्वे स्थानक, दसरा चौक, रंकाळा, आणि नवरात्र सोडून साध्या दिवसांत गाडी फिरवा. वळणे कोठे अडतात तेही चालकालाच कळेल.

मिरजकर तिकटी

नवरात्र सोडून कशासाठी? नवरात्रातच फिरवून पाहिली पाहिजे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत जी गाडी चालेल ती वर्षभर चालेल.

पद्माळा

तिकटीताईंशी मी सहमत आहे, मात्र पहिली फेरी साध्या दिवसांत आणि दुसरी नवरात्रात असावी, म्हणजे चालकांनाही सराव होईल.

या चर्चेतून निवेदनाचा एक मसुदा तयार होतो आहे. महापालिकेकडे आणि केएमटी प्रशासनाकडे आपण लेखी मागावे असे मला वाटते ते असे: ज्या रस्त्यांवर थांबे, मार्गिका किंवा चार्जिंगसाठी खोदकाम होणार आहे त्यांची यादी आणि प्रत्येकाची सुरू व संपण्याची तारीख, त्या रस्त्यांखालच्या वाहिन्यांचा नकाशा, आणि तो नसेल तर नाही असे स्पष्ट उत्तर, काम लांबल्यास दुकानदारांना घरफाळ्यात व परवाना शुल्कात सवलत देण्याचा ठराव, आगाराची उंची आणि २०१९ ची पूरपातळी, आणि गाड्या सेवेत येण्यापूर्वी विनामूल्य चाचणी फेऱ्या. तारीख पुढे गेली तर ती का गेली हे थांब्यावरच्या फलकावर लिहिले जावे, ही मागणीही मी त्यात घालणार आहे. एडिंबरोत लोकांना सर्वाधिक झोंबले ते हेच, की तारीख बदलल्याचे त्यांना वर्तमानपत्रातून कळत असे.

काळम्मावाडी धरणातून पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची वाट आपण अनेक वर्षे पाहिली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. त्या काळात कामाचा टप्पा कोणता, अडथळा कोणता, हे नियमितपणे आणि एकाच ठिकाणी सांगितले गेले असते तर निम्म्या अफवा उठल्याच नसत्या. बसगाड्यांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.

गंगावेस, मसुद्याचे पहिले वाचन आपण करावे अशी विनंती आहे. आपल्याला जे खटकेल ते वगळू किंवा दुरुस्त करू.

गंगावेस

जरूर वाचतो. एक वाक्य मात्र आत्ताच घालून ठेवा: दहा वर्षांनी या सेवेचा तोटा भरून काढण्यासाठी कोणत्याही स्वरूपात नागरिकांकडून नवी वसुली होणार नाही, याची हमी करारात कोठे आहे ते कलमासह दाखवावे. ते कलम दाखवले, तर चाचणीच्या पहिल्या गाडीत मी स्वतः बसेन.

शाहूपुरी तिसरी गल्ली

शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीतील व्यापाऱ्यांच्या सह्या मी गोळा करतो. मसुदा येथे टाकला की छापील प्रती काढण्याची व्यवस्था माझ्याकडे. रिक्षांचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात घ्यावा, म्हणजे त्यांनाही सही करता येईल.